बटण ‘ग्राम’वर आहे का?

२००९ सालची दिवाळी. नरकचतुर्दशीची पहाट. औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात सर्वांची अभ्यंगस्नाने आटोपली होती, फराळाची ताटे मांडून झाली होती आणि घरातली लहानथोर चौदा माणसे बैठकीच्या खोलीत एका संगणकासमोर दाटीवाटीने बसली होती. आमच्या गावाचे नाव तेव्हा औरंगाबाद. छत्रपती संभाजीनगर हे नाव सरकारदरबारी लागले ते पुढे २०२३ मध्ये. आईला जाऊन दोन वर्षे झाली होती. तिच्या ओव्या ऐकल्याखेरीज फराळाला हात लावायचा नाही, असा वहिनींचा हुकूम होता.

पुतण्याने बटण दाबले. तबकडी फिरू लागली. पडद्यावर सेकंदांचे आकडे सरकू लागले. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. खोलीत आवाज होता तो फक्त वरच्या पंख्याचा.

या तबकडीची कुळकथा सांगायला हवी. १९८६ च्या दिवाळीत आई चकल्या तळता तळता ओव्या म्हणत होती आणि माझ्या धाकट्या भावाने तिच्या नकळत टेपरेकॉर्डर सुरू करून ठेवला. पुढे २००४ मध्ये गावातल्या एका दुकानातून त्या कॅसेटची तबकडी करून घेतली. नंतर कॅसेटच्या फितीला बुरशी लागली आणि एके दिवशी ती यंत्रात गुंतून तुटली. म्हणजे उरली ती एकच तबकडी. त्यातच आमच्या संगणकाच्या पोटातला डिस्क ड्राइव्ह त्या पावसाळ्यात निकामी झाला, म्हणून पुतण्याने बाहेरून तारेने जोडायचा नवा ड्राइव्ह आणला होता. वहीएवढी ती चपटी पेटी.

“काका, सगळं नीट दिसतंय, पण आवाजच नाही,” पुतण्या म्हणाला. वहिनींचा चेहरा उतरला. तबकडी पुसली गेली की काय, ही शंका कोणी बोलून दाखवली नाही. पण ती प्रत्येकाच्या मनात होती.

अशा वेळी आमच्या गावच्या माणसाला नहरीची आठवण व्हावी हे साहजिक आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गाव वसवले आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी नहर बांधली. डोंगराकडचे झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून गावात येई. पाण्याचा जोर सांभाळण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी दगडचुन्याचे मनोरे उभारलेले होते. पाणचक्कीलाही असेच दूरचे पाणी नळांतून आणलेले आहे. आता समजा, गावातल्या हौदात पाणी आले नाही, तर झरा आटला म्हणून लगेच रडत बसण्यात अर्थ नाही. पाणी कोणत्या मनोऱ्यापर्यंत येते ते आधी पाहावे. जिथपर्यंत येते, त्याच्या पुढे कुठेतरी नळ फुटलेला असणार.

मी पुतण्याला तसेच करायला लावले. पहिला मनोरा विजेचा. बाहेरच्या ड्राइव्हला स्वतःची वीज नसते. तो संगणकाच्याच यूएसबी खाचेतून वीज पितो. त्या काळच्या खाचेतून पाच व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घ्यायची मुभा होती. मोटर फिरवायला आणि लेसरचा किरण पाडायला कधीकधी तेवढी पुरत नाही. म्हणून अशा कित्येक ड्राइव्हच्या तारेला एका टोकाशी दोन तोंडे असत. आमच्या पुतण्याने त्यातले एकच तोंड लावले होते, तेही चार खाचांच्या जोडपट्टीतून. दोन्ही तोंडे थेट संगणकाच्या पाठीमागे लावली, तेव्हा मघापासून येणारी टकटक थांबली आणि तबकडी एका लयीत फिरू लागली. पण आवाज नाही.

दुसरा मनोरा वाचनाचा. गाण्यांची यादी पडद्यावर आली होती, सेकंद सरकत होते. म्हणजे तबकडी वाचली जात होती. शेवटचा मनोरा स्पीकरचा. संगणकात साठवलेले एक भावगीत लावले, ते खणखणीत वाजले. मग बाजारातली एक विकतची तबकडी ड्राइव्हमध्ये घातली. तीही मुकी! एवढे झाल्यावर वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. दोष आईच्या तबकडीचा नव्हता. पाणी झऱ्यात होते, हौदही शाबूत होता. नळ मध्येच कुठेतरी तुटला होता.

काय सुचले कोण जाणे, मी त्या पेटीला कान लावला. आत नुसती घरघर. आणि मला १९६० सालचा आमचाच दिवाणखाना आठवला.

त्या वर्षी वडिलांनी रेकॉर्डप्लेअर आणला होता. घरात रेडिओ आधीपासून होता. आमच्या गावाला रेडिओचे कौतुक जुनेच. निजामी अमलात औरंगाबादला स्वतःचे रेडिओकेंद्र होते आणि संस्थान विलीन झाल्यावर ते आकाशवाणीकडे आले. तर वडिलांनी बालगंधर्वांची तबकडी चढवली, सुई टेकवली, आणि काही ऐकू येईना! मी दहा वर्षांचा होतो. खाली वाकून सुईजवळ कान नेला, तर डास गुणगुणावा तशा बारीक आवाजात गाणे चालले होते. शेजारचे एक गृहस्थ तेव्हा हसून म्हणाले, “अहो, रेडिओचं बटण ‘ग्राम’वर आहे का?” त्या काळच्या पुष्कळ रेडिओंच्या पाठीशी रेकॉर्डप्लेअरची तार खोचायला जागा असे, आणि पुढचे बटण ‘ग्राम’ या खुणेवर नेल्याखेरीज ते गाणे रेडिओच्या कर्ण्यातून बाहेर पडत नसे. बटण फिरले मात्र, बालगंधर्व घरभर झाले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली ती अजून दिसते.

मौज अशी की, त्याआधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसता. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने नोव्हेंबरात गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत सांगे, कारण तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण गाते हे कळायला हवे ना! कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. लाखेच्या त्या तबकडीच्या चरीत सुई थरथरे, सुईने अभ्रकाचा पडदा थरथरे आणि कर्ण्यातून तोच थरथराट मोठा होऊन येई. चावी दिली की काम झाले. वीज नाही, तार नाही, बटण नाही. तबकडी आणि आवाज एकाच अंगाचे होते. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात वीज आली, मग घरोघरच्या यंत्रांतही ती शिरली. फिरणारे यंत्र निराळे झाले, गाणारे निराळे झाले, आणि दोघांच्या मध्ये तार आली. मध्ये तार आली की ती जोडायची राहून जाण्याची सोयही आली!

“अरे,” मी पुतण्याला म्हणालो, “तुझ्या या यंत्राला ‘ग्राम’चं बटण असतं का?”

तो आधी हसला. मग एकदम गप्प झाला. उठून त्याने काढून ठेवलेला जुना ड्राइव्ह आणला. त्याच्या पाठीमागे चार टोके बसतील अशी लहानशी खाच होती. “काका, इथून एक बारीक तार थेट साउंडकार्डाला जायची. गाण्याची तबकडी लावली की ड्राइव्ह स्वतःच आवाज तयार करून त्या तारेनं पाठवायचा. या नव्या ड्राइव्हला ती तारच नाही!”

कुलूप इथेच होते. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये या चकचकीत तबकडीचे नियम ठरवले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानात विक्रीला आली. बारा सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी चौऱ्याहत्तर मिनिटे गाते, पण तिच्यावर गाणे असे नसतेच. असतात ते आकडे. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजून ती आकड्यांत लिहिलेली असते. डाव्या कानासाठी वेगळी, उजव्या कानासाठी वेगळी. वाचन होते आतून बाहेर, म्हणजे ग्रामोफोनच्या अगदी उलट; आणि आतल्या कडेला मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेणारी तबकडी बाहेरच्या कडेला येईतो दोनशेवर येते. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज कोणीतरी करायला हवा. संगणकातला जुना ड्राइव्ह ते स्वतः करी. यूएसबीचा ड्राइव्ह फक्त आकडे पोचवतो. आवाज करणे हे संगणकाचे काम. आणि आमच्या संगणकातला गाणी वाजवणारा प्रोग्रॅम अजून त्या जुन्या तारेकडे कान लावून बसला होता!

पुतण्याने प्रोग्रॅमच्या निवडींमध्ये शिरून त्या ड्राइव्हसमोरची ‘अ‍ॅनालॉग’ ही खूण काढली आणि ‘डिजिटल’ ही केली. एवढेच. रेडिओचे बटण ‘ग्राम’वर नेण्यासारखेच ते.

आणि आई बोलू लागली.

आधी कुकरची शिट्टी. मग तेलात काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज. मग आईची ओवी, थोडी सर्दीच्या आवाजातली. मध्येच एका तान्ह्या मुलाचे रडणे, आणि ओवी तशीच सोडून त्याला चुचकारणे. ते तान्हे मूल म्हणजे समोर बसलेला आमचा पुतण्या. तेवीस वर्षांचा तो बाप्या खाली मान घालून ऐकत होता. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. फराळ अर्थातच गार झाला. पण गार चकलीला कोणी नावे ठेवली नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती गमतीची ठरली असती. दुपारी पुतण्याला म्हटले, “याची आणखी एक प्रत करून ठेव.” तो म्हणाला, “काका, ती मागंच केलीय. सगळी गाणी उचलून माझ्या संगणकात ठेवलीत.” दाखव म्हटले. त्याने उघडून दाखवले. नऊ नावे ओळीने होती, प्रत्येकाच्या शेवटी ‘सीडीए’ ही अक्षरे. आकार पाहतो तो प्रत्येकी जेमतेम चव्वेचाळीस बाइट! एका ओवीला तेवढ्यात एक क्षणही मावत नाही. ती गाणी नव्हती. गाणे तबकडीवर कुठून कुठपर्यंत आहे याचे नुसते पत्ते होते. घराचा पत्ता वहीत उतरवून घेतला म्हणजे घरातले माणूस आपल्याकडे येत नाही. पाच वर्षे आम्ही त्या पत्त्यांच्या भरवशावर निर्धास्त होतो, आणि मूळ तबकडी कपाटात उन्हाच्या तिरिपेला पडून होती. घरी वा दुकानात लिहिलेल्या तबकडीतला रंगाचा थर उन्हाने विटतो आणि त्याबरोबर आकडेही जातात, हे कोणाला ठाऊक होते?

त्याच दुपारी पुतण्याने आकडेच्या आकडे उतरवून घेणारा प्रोग्रॅम लावला. सहाव्या ओवीशी गाडी अडखळू लागली. तबकडी काढून पाहिली तर बोटांचे ठसे. मी वडिलांच्या सवयीने फडके घेऊन गोल गोल पुसायला गेलो, तसा पुतण्याने हात धरला. लाखेची तबकडी चरीच्या दिशेने गोल पुसत. ही पुसायची ती मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ. लहानसा आडवा ओरखडा यंत्र सावरून घेते, कारण लिहितानाच थोडे जादा आकडे घालून चुका दुरुस्त करायची सोय केलेली असते; पण आकड्यांच्या वाटेनेच लांबलचक ओरखडा पडला तर सलग मजकूर जातो आणि ती सोयही लंगडी पडते. मऊ फडके किंचित ओले करून पुसले, वाचनाचा वेग कमी केला, आणि सहावी ओवीही सुखरूप उतरली.

संध्याकाळी पणत्या लावताना माझ्या मनात दोन नावे घोळत होती. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. गैसबर्ग कलकत्त्यात उतरला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते, तबकड्यांचा तो सुकाळच. तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्या हाती नाही. ते आवाज टिपलेच गेले नाहीत, याची हळहळ आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. आमच्या आईचे नाव कोणत्याही इतिहासात यायचे नाही. पण तिचा आवाज टिपलेला होता, कपाटात होता, आणि तरीही तो आमच्या हातून जाण्याच्या बेतात होता. तबकडी जपली म्हणजे आवाज जपला असे आजोबांच्या काळी म्हणता येत होते. आता आवाज एका घरात, यंत्र दुसऱ्या घरात आणि दोघांमधली वाट तिसऱ्याच्या हाती, अशी स्थिती आहे. ती वाट दर पिढीला नव्याने बांधावी लागते.

आज पुष्कळशा नव्या संगणकांना तबकडीची खाचच नसते. तो बाहेरचा चपटा ड्राइव्ह हाच काय तो पूल उरला आहे. आईच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत आणि दर दिवाळीला आम्ही त्या उघडून खरोखर वाजवून पाहतो. नुसती नावे पाहून समाधान मानत नाही. वाचकहो, यंदाच्या आवराआवरीत तुमच्याही कपाटातून अशी एखादी तबकडी निघेल. ती टाकू नका, आणि मुकी निघाली तर लगेच निराशही होऊ नका. आधी वीज पाहा, मग वाचन पाहा, मग वाट पाहा. आणि घरातल्या तरुणाला खुशाल विचारा, बटण ‘ग्राम’वर आहे का म्हणून. तो हसेल. हसू द्या.