बेल्जियम : दोनदा तटस्थ, दोनदा तुडवलेला

फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 2024 मध्ये नाटोत गेल्यापासून एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आहे: लहान देशाने लष्करी तटस्थ राहावं का? माझ्या मते उत्तर शोधायला बेल्जियमकडे पाहावं. या देशाने तटस्थता दोनदा करून पाहिली.

पहिली तटस्थता 1839 च्या लंडन कराराची. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया या पाच बड्या सत्तांची तिला हमी होती. प्रबोधिनीत श्लीफेन योजना शिकताना आमचं लक्ष नकाशावरच्या जाड बाणांकडे असायचं. ते ज्या देशावरून जात, त्याच्याकडे नाही. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर भक्कम किल्ले होते, म्हणून जर्मनीला बेल्जियममधून वळसा हवा होता. बेल्जियमचं जर्मनीशी भांडण नव्हतं. तो फक्त वाटेत होता.

2 ऑगस्ट 1914 ला जर्मनीने वाट मागितली आणि उत्तरासाठी 12 तास दिले. बेल्जियमने नकार दिला. 4 ऑगस्टला आक्रमण झालं. लिएजभोवतीच्या 12 दुर्गांपैकी शेवटचा 16 ऑगस्टला पडला. ऑक्टोबरअखेर निउपोर्टची जलद्वारं उघडून समुद्राचं पाणी शेतांत सोडलं, तेव्हा कुठे देशाचा एक कोपरा हातात राहिला.

ती हमी अगदीच वाया गेली नाही. त्याच करारावर बोट ठेवून ब्रिटन युद्धात उतरला आणि त्याच्यामागे आपले जवानही. 31 ऑक्टोबर 1914 ला होलेबेक इथे 129 व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान सगळे साथीदार पडल्यावरही मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक.

युद्धानंतर बेल्जियमने 1920 मध्ये फ्रान्सशी लष्करी करार केला, पण 1936 मध्ये तो पुन्हा तटस्थतेकडे वळला. जानेवारी 1940 मध्ये हल्ल्याचे कागद घेऊन निघालेलं जर्मन विमान बेल्जियममध्येच उतरलं. तरीही मित्रसैन्याला आत घेतलं नाही. 10 मे रोजी पहाटे शंभराहूनही कमी जर्मन सैनिक ग्लायडरमधून एबेन-एमाएल दुर्गाच्या छतावर उतरले. फ्रेंच आणि ब्रिटिश पलटणी त्या दिवशी सीमा ओलांडून निघाल्या, न पाहिलेल्या मोर्चांकडे. 18 दिवसांत शरणागती झाली.

लष्करी माणसाला इथे खरी किंमत दिसते. तटस्थ देशाला मदत मिळू शकते, पण मदतीची आधी तालीम करता येत नाही.

मग स्वित्झर्लंड कसा वाचला? डोंगर होते, शस्त्र धरणारे नागरिक होते. गोटहार्ड आणि सिम्प्लॉन हे रेल्वे बोगदे उडवून देण्याची तयारी होती. जर्मनी-इटलीला ते शाबूत हवे होते. जर्मनीशी व्यापार आणि सोन्याचे व्यवहारही चालू होते. शिवाय जनरल गिझाँ यांनी फ्रेंच सेनाधिकाऱ्यांशी गुपचूप योजना आखल्या होत्या. म्हणजे ही तटस्थता ना निःशस्त्र होती, ना पुरती निर्मळ.

म्हणून तटस्थ राहण्याआधी लहान देशाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपली जमीन कोणाच्या वाटेत येते का? येत असेल, तर ती वाट आपण एकट्याने महाग करू शकतो का? नसेल, तर मदतीला येणाऱ्यांशी शांततेतच नकाशे जुळवले आहेत का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर तटस्थता परवडत नाही. बेल्जियमने हा हिशेब करून 1949 मध्ये नाटोच्या संस्थापक देशांत आपलं नाव घातलं.