‘हर-२’: पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिन

पेशीबाहेरून येणारा वाढीचा संदेश आत पोचविण्याचे काम तिच्या आवरणातील ग्राही प्रथिने करतात. ‘हर-२’ हे अशाच चार प्रथिनांच्या कुटुंबातील एक असून त्याचे जनुक १७व्या गुणसूत्रावर असते. इतर भावंडांना संदेशवाहक रेणू चिकटावा लागतो. ‘हर-२’साठी मात्र असा रेणू आढळलेला नाही. ते सदैव जोडी जमविण्यास सज्ज असते. जोडी जमताच आतील टोकांवर फॉस्फेट चढते, संदेशांची साखळी केंद्रकापर्यंत जाते आणि पेशी विभागू लागते.

स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत या जनुकाच्या प्रती वाढतात. आवरणावर ‘हर-२’ची दाटी होते आणि बाहेरून निरोप नसतानाही विभाजन सुरू राहते. अशा रुग्णांत रोग लवकर उलटतो, हे डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १९८७मध्ये दाखविले. या ग्राहीला बाहेरून जखडणारे ‘ट्रास्टुझुमॅब’ हे प्रतिपिंड अमेरिकेत १९९८मध्ये मंजूर झाले. एकेकाळी धास्तावणारा ‘हर-२ पॉझिटिव्ह’ हा अहवाल तेव्हापासून उपचाराची दिशाही सांगू लागला. मात्र या औषधाने हृदयाची क्षमता घटू शकते. त्यामुळे उपचारापूर्वी आणि उपचारादरम्यान हृदयाची तपासणी करावी लागते.