तिथी आणि वार

आमच्या उत्तनला दिवस मोजायची मापं दोन. चर्चची घंटा वार सांगते, दर्या तिथी सांगतो. आम्ही ख्रिस्ती कोळी, तरी अमावास्या-पुनवेचा हिशेब घरातल्या लहान पोरालाही पाठ असतो, कारण डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ असते, मासळी जाळ्यात शिरते. भांगाला पाणी मंदावतं आणि होड्या किनाऱ्याला लागतात. धाकटा मामा पोरवयापासून याच हिशेबावर जगला. २०१२च्या पावसाळ्यात, मासेमारीची बंदी चालू असताना, त्याच्या पायांना सूज आली. किडन्या निकामी निघाल्या आणि महिन्याभरात त्याचं पंचांग बदललं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर खेपेला चार तास डायलिसिसच्या मशीनवर.

सूज म्हटल्यावर आजी उंबऱ्यातच बसली. तिचा दीर असाच गेला होता, १९६२ साली. अंगात पाणी भरलं, एवढंच तेव्हा कळायचं. त्याला मचव्यातून खाडीपलीकडे वसईला नेलं. तिथल्या डॉक्टरने मीठ बंद करा, पाणी कमी द्या म्हणून परत पाठवलं. तीन आठवडे तो ओटीवर बसून होता, आडवं झालं की दम लागायचा. त्या तीन आठवड्यांत होडीवरच्या माणसांनी त्याचा वाटा थांबवला नाही. मासळीचे ढीग लागले की एक ढीग त्याच्या नावाचा निघायचा. आजी म्हणायची, “पोरा, इलाज नव्हता तवा. वाटा होता.”

इलाज जगात होता, इथवर आला नव्हता. विलेम कोल्फ या डॉक्टरने जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये १९४३ साली सॉसेजवर चढवायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त धुवायचं यंत्र उभं केलं. १९६० साली अमेरिकेत सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने हाताच्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडली आणि तसं यंत्र एकाच रुग्णाला वर्षानुवर्षं वापरता येऊ लागलं. पण मशीन मोजकी, रुग्ण पुष्कळ. म्हणून तिथे गावातल्या माणसांची एक समिती बसली. कोणाला मशीन द्यायचं ते ती ठरवायची. नोकरी काय, पोरं किती, चर्चला जातो का, हेही पाहिलं जाई. ही समिती चर्चेत आली ते साल १९६२च. दहा वर्षांनी अमेरिकन सरकारने कायदा करून या रुग्णांचा खर्च सरकारी विम्यात घेतला, तेव्हा ती निवड संपली. मी हे आजीला सांगितलं. तिने विचारलं, “चर्चला तर तो रोज जायचा. पण कोळ्याला दिलं असतं का त्यांनी?”

मामाच्या वेळी समिती नव्हती. कागद होते.

एका विमा कंपनीची पॉलिसी त्याने वर्षभरापूर्वी घेतली होती. बीपीची गोळी चालू होती, ती अर्जात लिहिलेली नव्हती; एजंटने फॉर्म भरला, मामाने सही केली. दावा नाकारला गेला. आजार जुना, असं उत्तर आलं. जुन्या आजारासाठी त्या काळी चार वर्षांपर्यंत थांबावं लागे. आता २०२४पासून ती मर्यादा तीन वर्षांवर आली आहे. ज्याला परवा मशीनवर जायचं आहे त्याने तीन वर्षं तरी कुठून आणायची?

दुसरा कागद केशरी रेशनकार्डाचा. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, त्यात डायलिसिसही. पण पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते. मुंबई उपनगर होता, ठाणे नव्हता. आमच्या शेजारचं गोराई उपनगरात, उत्तन ठाण्यात. मामाच्या बाजूच्या मशीनवर गोराईचा एक कोळी असायचा. कार्ड तसंच केशरी, किनारा तोच, वारा तोच. तो सही करून घरी जायचा. मामी बाराशे रुपये मोजायची, इंजेक्शनचे वेगळे. सोळा-सतरा महिने हे असं चाललं. त्या सीमेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी मार्ग तीन सांगितले होते. किडनी बदलणं सगळ्यात चांगलं. माझी आई द्यायला तयार होती, पण तपासणीत तिला मधुमेह निघाला. दुसरा मार्ग पोटातल्या डायलिसिसचा. पोटात नळी, दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी, सगळं घरच्या घरी. भाईंदरपर्यंतचा रस्ता नको, सुई नको. मामाचं मन तिथेच होतं. हाँगकाँगमध्ये १९८५पासून सरकारी इस्पितळं हाच मार्ग आधी देतात. आमच्याकडच्या कुठल्याच कागदात त्या पिशव्या बसेनात. इलाज मामाने निवडला नाही, पावतीने निवडला.

उरला तिसरा मार्ग, मशीनचा. त्यासाठी डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे धमनीला जोडलेली शीर. त्या हाताने जड उचलायचं नाही, म्हणजे डोल ओढायची नाही. मामाने माझा तळवा त्यावर ठेवला. आत सतत थरथर होती. “बघ, इंजिन लागलंय,” म्हणाला. शहाळ्यात पोटॅशियम, म्हणून शहाळं बंद. खारवलेली मासळी बंद. दिवसाला पाणी मोजून. डायलिसिसवाले अंगातलं जादा पाणी निघाल्यावरच्या वजनाला ड्राय वेट म्हणतात. मामी म्हणायची, वलांडीवरच्या बोंबलासारखं वाळवतात माणसाला.

ते सगळे महिने होडीवरून त्याचा वाटा येत राहिला. नाखव्याने कधी बोलून दाखवलं नाही. २१ नोव्हेंबर २०१३ला योजना राज्यभर झाली आणि मामाचं कार्ड चालू झालं. मशीनचे पैसे सुटले, रिक्षाचे सुटले नाहीत. पहाटेच्या पाळीला बस मिळायची नाही. आता २०२४पासून मर्यादा पाच लाखांची आहे, पांढऱ्या कार्डालाही ती लागू आहे. मामाच्या वेळी रस्त्याचा खर्च मात्र घरचाच होता.

कार्ड चालू झालं त्या आठवड्यात मामा नाखव्याकडे गेला. “माझा वाटा आता थांबव,” म्हणाला. नाखव्याने जाळ्याची फाटकी कड त्याच्या मांडीवर टाकली आणि सुई त्याच्या उजव्या हातात दिली. तेव्हापासून मामाच्या घरी कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा असायच्या, लाल मशीनच्या वारांच्या, निळ्या उधाणाच्या तिथींच्या. मंगळवारी किंवा गुरुवारी निळी खूण आली की तो उजाडायच्या आत बंदरावर जाऊन बसायचा.