भुसा, कोळसा आणि कुडवा

आमचं कुडवा गोंदियाला इतकं चिकटलंय की नवख्याला हद्द कळत नाही. परवा पुण्याच्या भाच्याचा फोन. "मामा, सोलर आलं, एलईडी आले, म्हणजे देशाला आता सामान कमीच लागणार ना?" फोनवर काहीतरी बोलून सुटलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या भागात त्याचं उत्तर राईस मिलपासूनच सुरू करावं लागतं.

पूर्वी धान घरीच कांडत. ढेकीवर, नाहीतर उखळात. मग हलर आला. त्यात तूस आणि कोंडा एकत्रच रगडून निघायचा, तांदळाची कणीही फार व्हायची. पुढे रबरी रोलांचं शेलर आलं आणि सगळं वेगवेगळं निघू लागलं. तेवढ्याच धानात तांदूळ जास्त. कोंडा तेलाला. आणि तूस, म्हणजे आमच्या भाषेत भुसा, बॉयलरला! 100 किलो धानात साधारण 20 किलो भुसा निघतो. उसना तांदूळ करायला वाफ लागते, ती धानाच्याच टरफलावर तयार होते. कमी मालात जास्त काम म्हणतात ते हेच. (राखेचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा. भुशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राखच होते.)

पण एका गिरणीचा हिशोब देशाला लागू पडत नाही. 1865 साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हे लिहून ठेवलंय. वाफेची इंजिनं कमी कोळसा खाऊ लागली म्हणून इंग्लंडचा खप घटला नाही, उलट वाढला. इंजिन परवडू लागलं ना! आमच्या जिल्ह्यात तिरोड्याला 2012 ते 2014 मध्ये 660 मेगावॅटचे 5 संच सुरू झाले. तंत्र सुपरक्रिटिकल, म्हणजे युनिटमागे कोळसा जुन्या संचांपेक्षा कमी. आता देशाचा आकडा बघा. 2013-14 मध्ये कोळसा निघाला सुमारे 57 कोटी टन, 2024-25 मध्ये 100 कोटींच्या वर. त्याच काळात सौर वीज 3 गिगावॅटच्या आतून 100 च्या पुढे गेली. म्हणजे सोलर कोळशाच्या जागी आलं नाही, शेजारी येऊन बसलं. निदान आजवर तरी.

आणि सोलरलाही खाण लागतेच की. काच, अॅल्युमिनियम, तांबं. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे, तिथला माल टॉर्चच्या सेलसाठी जातो. सेल संपला की उकिरड्यावर.

तरी मला फरक मोठा वाटतो. कोळसा एकदा जळला की गेला. तांबं वितळवून पुन्हा तार होते. तेव्हा किती खणलं यापेक्षा परत किती आलं, हे मी आधी विचारीन.

छतावरचं पॅनल 25 वर्षं टिकतं असं धरतात. आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याला सहज विचारलं, जुनं पॅनल घेशील का? म्हणाला, "चौकट आन् वायर देजा भाऊ, काच तुमच्याजवळच ठेवा."