दिंडीचे नियम आणि दिंडीची लेकरं



आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पूर्ण झाली. शताब्दीच्या या स्मरणिकेत विणेकरी, दिंडीचालक, अन्नदाते, मुक्कामाला जागा देणारी घरं या सगळ्यांचा इतिहास येईल आणि तो यायलाच पाहिजे. आमच्याकडं मंडळींनी वारीतल्या लेकरांचा विषय दिला. आम्ही चौथी शिकलेला माणूस, शेती आणि कीर्तन एवढंच करत आलो. पण लेकरू होतो तेव्हा वारी चाललो, पुढं लेकरं घेऊन चाललो आणि आता नातवंडं घेऊन चालतो. आजा-आजीच्या तोंडून ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं जेवढं आहे, तेवढं मांडतो.

लिहिण्याला आणखी एक कारण आहे. गेल्या बैठकीत विषय निघाला, की दहा वर्षांखालचं पोर दिंडीत घेऊच नये. रस्ता मोठा झाला, वाहनं वाढली, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? विचारणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण ठरवण्याआधी आपल्या वाडवडलांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते बघावं. दिंडीच्या वहीत आज जे नियम आहेत, त्यांतले बरेचसे एकेका लेकरापायी झालेत. वहीत नियम तेवढा लिहिला गेला, लेकरू लिहायचं राहिलं.

संप्रदायातली लेकरं

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडं लहानपणीच आईबापाविना राहिली. ज्ञानोबारायांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली, तेव्हा त्यांचं वय एकवीस-बावीस. ज्याला आईबापाचं छत्र फार दिवस मिळालं नाही, त्याला सगळा महाराष्ट्र माऊली म्हणतो. सासवडच्या मुक्कामी सोपानकाकांच्या समाधीपुढं पोरांना उभं करून आम्ही सांगतो, "हे धाकटे, यांच्या पाया पडा." पोरांना ते आपल्यातलेच वाटतात. जनाबाई गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरीला आल्या आणि नामदेवरायांच्या घरात वाढल्या, असं परंपरा सांगते. दुसऱ्याचं लेकरू आपलं म्हणून वाढवायचं, ही रीत आपल्याकडं इतकी जुनी आहे.

हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. दिंड्यांना क्रम, अभंगांना क्रम, चालीला क्रम. लेकराला मात्र क्रम कळत नाही. त्याला भूक लागली की ते रडतं, मग हरिपाठ चालू असो नाहीतर आरती. पुंडलिकानं आईबापाच्या सेवेपायी देवाला विटेवर थांबवलं आणि देव थांबला. मग रडणाऱ्या लेकरासाठी दिंडीतली चार माणसं घटकाभर थांबली, तर काय बिघडलं?

वेगळी घागर

आजोबांच्या काळात दिंडीबरोबर बैलगाड्या असायच्या. गाडीत पिठा-तांदळाची पोती आणि पोत्यांवर लेकरं. तान्ह्यासाठी गाडीतच झोळी बांधायची. म्हाताऱ्या बायका सहाण बरोबर घ्यायच्या आणि मुक्कामाला हिरडा, वेखंड, हळकुंड उगाळून घुटी द्यायच्या. सगळ्यात मोठं भय कॉलऱ्याचं. यात्रेत पाणी खराब झालं की माणसं पटापट जायची.

आमच्या आजीचं तिसरं लेकरू, दीड वर्षाची मुलगी, वाल्हे आणि नीरेच्या मधी कॉलऱ्यानं गेली. सकाळी जुलाब लागले आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. चार माणसांनी रस्त्याच्या कडेला माती दिली. आजी माघारी फिरली नाही. पंढरीला गेली, कळसाला हात जोडले आणि घरी आल्यावर कितीतरी दिवस कुणाशी बोलली नाही. हे तिनं आम्हाला सगळ्या जन्मात एकदाच सांगितलं.

पुढच्या वारीला आजीनं एक तांब्याची घागर वेगळी घेतली. मुक्कामाला पाणी उकळायचं, फडक्यानं गाळायचं, घागरीत भरायचं आणि दिंडीतल्या सगळ्या लेकरांना तेच पाजायचं. पुरुषमाणसं म्हणाली, "पंढरीच्या वाटंवरचं पाणी म्हंजे तीर्थ." आजी म्हणाली, "तीर्थ तुम्ही प्या. लेकरांना उकळल्यालंच." दोन वर्षांत बाकीच्या बायकाही घागरीला सरपण आणून द्यायला लागल्या. लेकरांचं पाणी वेगळं, हा वहीतला नियम तिथून आला. आमच्या लहानपणी यात्रेआधी कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागायची. दंड सुजायचा आणि आम्ही पोरं रडायचो. आजी सगळ्यात पुढं उभी राहून पोरांना ओढत आणायची.

त्याच सुमारास दुसरा नियम झाला. अंगावर पिणारं लेकरू असलेल्या आईनं पायी यायचं नाही, पण घरीही राहायचं नाही. बार्शी लाइट रेल्वे 1906 साली पंढरपूरपर्यंत आली होती. अशा बाया दौंडला गाडीत बसायच्या, कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीनं पंढरीला जायच्या. सोबत दिंडीतला एक म्हातारा माणूस. त्यांचं तिकीट दिंडीच्या भिशीतून काढलं जायचं. म्हणजे तान्हं लेकरूही दिंडीच्या हिशेबात धरलेलं होतं.

टाळ थांबले नाहीत

1972 च्या दुष्काळानंतरच्या एका वारीत आमचा चुलतभाऊ हरवला. वय पाच वर्षं. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. घोडा धावून गेला की माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला पुढं पळतात. त्या लोटात पोराचा हात सुटला. काकू रस्त्यावरच बसल्या.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती. पालखी मधी आणि सगळ्या दिंड्या भोवती. चोपदारांनी चोप वर केला की सगळे टाळ एकदम गप्प होतात. मात्र ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती टाळ वाजवत राहते. त्या दिवशी सगळा तळ शांत झाला आणि आपली एकटी दिंडी वाजत राहिली. चोपदार आले. आपल्या विणेकऱ्यांनी एवढंच सांगितलं, "माऊली, आमचं लेकरू गेलंय." चोपदारांनी सगळ्या समाजाला पुकारून सांगितलं.

पोर मराठवाड्यातल्या एका दिंडीत सापडलं. एका म्हातारीच्या मांडीवर दूध-भाकरी खाऊन झोपलेलं. त्या लोकांनी दिवसभर विचारलं होतं, "बाळ, बापाचं नाव काय?" तर म्हणे, "दादा." "गाव कुठलं?" तर म्हणे, "मळ्यातलं." आम्ही पोरं हसलो, पण मोठ्यांच्या ध्यानात आलं, की पाच वर्षांच्या लेकराला स्वतःचा पत्ता नसतो.

पुढच्या वर्षी गुरुजींनी प्रत्येक पोराच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं गाव आणि दिंडीचा नंबर लिहून दिला. आयांनी त्यावर लाल दोऱ्यानं टाके घातले. त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षर येत नव्हतं, पण लेकराचं गाव त्यांनी सुईनं गिरवलं. पुढं पितळी बिल्ले आले, आता गळ्यात फोन नंबराची पट्टी असते. हरवलेला आमचा भाऊ आज आजोबा झालाय आणि दिंडीच्या पाण्याच्या टँकरवर असतो. दर मुक्कामाला पोरांची मोजणी तोच करतो.

घरातल्या खुणा

आमच्या घरात लेकरांचं वय वारीवर मोजलं जायचं. थोरल्याचा पहिला दात नीरास्नानाच्या दिवशी दिसला. धाकटी दिवे घाट पहिल्यांदा सबंध चालली ती सात वर्षांची असताना. वर गेल्यावर तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "एवढं मी चालले?" जावळ चंद्रभागेच्या वाळवंटात, माळ आळंदीत आणि पहिला टाळ आजोबांच्या हातून. या खुणा घराघरात अशाच आहेत.

कष्टही तेवढेच. घाटात खांद्यावर बसायचा हट्ट, रात्री ओलं झालेलं अंथरूण पहाटे पावसात कुठं वाळवायचं, एकाला ताप आणि दुसऱ्याला पायाला फोड. लेकराच्या आईला भजनाचा आनंद किती मिळायचा, हे तिचं तिलाच ठाऊक. म्हणून आजीच्या वेळेपासून रीत पडली, की हरिपाठाच्या वेळी लेकरं सासवांनी आणि म्हाताऱ्या बापयांनी सांभाळायची. आईनं टाळ घ्यायचा. ही रीत वहीत नाही. ती लिहावी.

मुली

एक गोष्ट आम्ही कीर्तनात सांगत नाही, ती इथं सांगतो. आपल्या दिंडीत बारा-तेरा वर्षांची झाली की मुलगी यायची बंद व्हायची. कारण भक्तीचं नव्हतं, आडोशाचं होतं. आया मुलींना पहाटे तीनला अंधारात उठवायच्या आणि दिवस मावळेपर्यंत पोरी पाणी प्यायच्या नाहीत. ऊन लागून एक पोर चक्कर येऊन पडली. त्या वर्षी बायकांनी बैठकीत येऊन सांगितलं, की आधी आडोसा करा, मग मंडपाचं बघा. दिंडीनं बांबू आणि ताडपत्री घेतली. पुढं सरकारची फिरती शौचालयं तळावर आली, अलीकडं अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्षही झालेत. मुली परत यायला लागल्या. आज आपला पखवाज दोन मुली वाजवतात.

शाळा आणि मोबाइल

वारी निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि शाळा भरते जूनमध्ये, त्यामुळं हा पेच जुनाच. आमच्या वेळी गुरुजी पाढे लिहून द्यायचे आणि ते आम्ही चालता चालता म्हणायचो. आता अभ्यास जास्त आहे. आठवीच्या पोराला अठरा-एकोणीस दिवस आणा, असं आम्ही म्हणणार नाही. सुटीच्या दिवशी पुण्याहून सासवडपर्यंत किंवा शेवटी वाखरीहून पंढरपूरपर्यंत आणलं तरी पुष्कळ. मोबाइलचं म्हणाल तर पोरांच्या हातातला आम्ही हिसकावत नाही. हरिपाठाला मोठ्यांनी स्वतःचा खिशात ठेवला, की पोरंही ठेवतात.

दोन वर्षांची पोकळी

2020 आणि 2021 साली महामारीमुळं पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.नं पंढरीला गेल्या. आपण घरीच बसून हरिपाठ केला. 2022 ला दिंडी निघाली, तेव्हा पोरांचं कडं निम्मंसुद्धा भरलं नाही. जी पोरं सहा वर्षांची असताना टाळ धरणार होती, ती आठ वर्षांची झाली होती, त्यांना पाऊल माहीत नव्हतं आणि लाज वाटत होती. दोन वर्षं लेकरं नव्हती, तर ही गत. दहा वर्षांखालचं पोर कायमचं बंद केलं, तर वीस वर्षांनी वीणा कुणाच्या गळ्यात घालणार?

रस्त्याचं भय आम्ही नाकारत नाही. पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 2021 साली झाली. रस्ता रुंद झाला, वाहनांचा वेग वाढला. त्यालाही नियम करावा. सहा वर्षांखालचं लेकरू मोठ्या रस्त्यावर चालवू नये, गाडीत बसवावं आणि तळाजवळ उतरवून शेवटचा टप्पा चालवावं. सहा ते दहाच्या पोरांना दोरीच्या आत, मधल्या ओळीत घ्यावं. पाच पोरांमागं एक जाणता माणूस नेमावा आणि त्याचं नाव निघायच्या आधी वहीत लिहावं. हात सुटला तेव्हा आजोबांच्या पिढीनं पोरांना वारी बंद केली नाही, सदऱ्याला नाव शिवलं. आपण तेवढंच करायचं आहे.

येत्या बैठकीत या विषयावर मत घ्यायच्या आधी हे सगळ्यांना वाचून दाखवावं, एवढी आमची विनंती. आणि वही नव्यानं लिहाल, तेव्हा प्रत्येक नियमापुढं तो कुठल्या लेकरामुळं झाला तेही लिहावं. पहिल्या ओळीत आमच्या आजीची ती मुलगी लिहा. तिचं नाव ठेवलेलं नव्हतं, घरात तिला नुसतं "बाय" म्हणायचे. तेच लिहा.