साक्षीला उभी राहिलेली बाई

शौर्याची आपली कल्पना वीरगळांनी घडवली आहे. शिलाहार-यादवांच्या काळातील हे दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. खालच्या पट्टीत गाई-गुरांसाठी लढताना पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावाने आपल्यासाठी मेलेल्या माणसाची अशी आठवण ठेवली, हे चांगलेच झाले. परंतु या दगडांवर शत्रू नेहमी गावाबाहेरून आलेला असतो. गावातल्याच माणसांसमोर एकट्याने खरे बोलणाऱ्याचा वीरगळ माझ्या पाहण्यात नाही.

हे मनात येण्याचे कारण आपल्या गावाचे नाव. आपले खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. दुसरे खैरलांजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले. दोन्ही वैनगंगेच्या खोऱ्यात. १८६७ साली बालाघाट जिल्हा स्थापन झाला तेव्हा भंडाऱ्याचाही काही मुलूख त्यात आला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक, बोली, बाजारहाट मात्र त्या रेषेने तुटले नाहीत. २००६ नंतर नागपूरकडे गावाचे नाव सांगितले की समोरचा क्षणभर थांबे आणि विचारी, “तेच का?” “ते नव्हे, आमचे बालाघाटचे,” असे आपण घाईघाईने सांगत आलो. त्या घाईत सुटकेचा निःश्वासही असे, आणि तो मला अलीकडे बोचू लागला आहे.

मोहाडी तालुक्यातल्या त्या लहानशा गावात भैयालाल आणि सुरेखा भोतमांगे यांचे कुटुंब राहत होते. गावात बौद्धांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेती जेमतेम पाच एकर, आणि तिच्यातून रस्ता काढण्यावरून जुना तंटा. घर साधे, विजेविना. तरीही मुले शिकत होती. सुरेखाबाई शेतात राबत, मुलांच्या शिक्षणाचा हट्ट धरीत आणि अन्याय वाटला तर पोलिसांत तक्रार देण्यास कचरत नसत. गावगाड्यात अशा बाईला ‘शिरजोर’ म्हणतात. पुरुषाने हेच केले तर त्याला ‘बाणेदार’ म्हणण्याची रीत आहे, हे जाता जाता नोंदवतो.

३ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. ते या कुटुंबाच्या जवळचे. सुरेखाबाईंनी पोलिसांपुढे मारणाऱ्यांना ओळखले. घटना एवढीच, परंतु मला तिच्यापाशीच थांबावेसे वाटते. शासकीय नोकरीत पंचनामे आणि जबाब पुष्कळ पाहिले. ज्याने डोळ्यांनी पाहिले तोच “मी तेव्हा शेतावर होतो” असे सांगतो, हा नित्याचा अनुभव. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. न्यायालय तालुक्याला, पोलीस ठाणे चार कोसांवर, आणि विहीर, पांदण, दुकान मात्र आरोपीच्या शेजारी. साक्ष दिल्यावर राहायचे त्याच गावात असते. सुरेखाबाईंना हे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, पाठीशी जमाव नव्हता. त्या उद्याही त्याच वाटेने शेतावर जाणार होत्या, आणि तरीही त्यांनी ओळख पटवली.

२९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून आला. सुरेखाबाई, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे असे चौघे मारले गेले. भैयालाल त्या वेळी घरात नव्हते, म्हणून वाचले. अधिक वर्णन मी करणार नाही; ते पुष्कळांनी केले आहे, आणि काहींनी गरजेपेक्षा जास्त.

बाहेरच्या जगाला या प्रकरणाची खरी जाणीव व्हायला जवळजवळ महिना लागला. नोव्हेंबरात विदर्भात मोर्चे निघाले, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद ठरवली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांनी लागू मानला नाही. हे कृत्य सुडाचे, असा निष्कर्ष निघाला. न्यायालयाचा मान राखूनही विचारावेसे वाटते, सूड कशाचा? साक्षीचा. आणि त्या गावात साक्ष देणारी बाई दुसऱ्या जातीची असती, तर सुडाने हेच रूप घेतले असते का? मला तसे वाटत नाही.

साक्षीदाराला आधार हवा, हे राज्यव्यवस्थेला उशिरा उमगले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे प्रकरण २०१६ पासून अमलात आले. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा. सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजनेला मान्यता दिली ती ५ डिसेंबर २०१८ रोजी. सुरेखाबाईंच्या जबाबानंतर बारा वर्षांनी.

आणि भैयालाल. ते जिवंत राहिले, म्हणून कोणी त्यांना वीर म्हटले नाही. शासनाने एका वसतिगृहात नोकरी दिली. ते भंडाऱ्याला राहू लागले. न्यायालयात उभे राहणे, आंदोलकांच्या व्यासपीठावर बसणे, आलेल्या प्रत्येक पत्रकाराला तीच संध्याकाळ पुन्हा सांगणे, असे दहा वर्षे चालले. साक्ष देण्याचे काम पत्नीकडून पतीकडे आले होते, आणि ते त्यांनी टाकले नाही. २० जानेवारी २०१७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सर्वोच्च न्यायालयातील अपील तेव्हा प्रलंबित होते.