ग्वार गम
ग्वार गम (गवारीचा डिंक) : गवारीच्या वाळलेल्या बियांपासून काढलेले पांढरट-पिवळसर पीठ. पाणी दाट करण्यासाठी ते वापरतात. गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ शिजवल्याखेरीज खळ होत नाही; ग्वार गम मात्र थंड पाण्यातच फुगते.

महाराष्ट्रात गवारीच्या शेंगा भाजीसाठी कोवळ्या तोडतात. राजस्थान, हरियाणा व गुजरातच्या कोरडवाहू भागांत हे पीक मुख्यतः बियांसाठी घेतात. जगातील बहुतेक गवार-बी भारतात पिकते. जोधपूर हे तिच्या प्रक्रियेचे मोठे केंद्र आहे.

घटक : बियांत टरफल सुमारे 14–17%, पुष्क (गर्भाभोवतीचा अन्नसाठा) 35–42% व गर्भ 43–47% असतो. दाटपणा देणारी गॅलॅक्टोमॅनन ही बहुशर्करा पुष्कात असते. मॅनोजच्या लांब साखळीला गॅलॅक्टोजच्या आखूड शाखा, अशी तिची रचना आहे. या शाखांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत, त्यांच्यामध्ये पाणी सहज शिरते.

प्रक्रिया : बी भरडून गर्भ वेगळा करतात. उरलेल्या डाळीला उष्णता देऊन व घासून तिचे टरफल काढतात. गर्भ व टरफल (कोरमा आणि चुरी) पशुखाद्यात जातात. स्वच्छ डाळ नुसती दळली तर पीठ पाणी सावकाश घेते. म्हणून दळण्यापूर्वी तिच्यात पाणी मुरवतात, मऊ झालेली डाळ रुळांमध्ये दाबून पापुद्रे करतात व मग ते वेगवान चक्कीत दळून वाळवतात. दाबल्यामुळे पेशींची घट्ट बांधणी मोकळी होते. पीठ किती लवकर दाटेल हे बरेचसे इथेच ठरते. लवकर फुगणारे पीठ 200 मेशच्या (भोक सुमारे 0.075 मिमी.) किंवा त्याहून बारीक चाळणीतून गाळतात. दळताना उष्णता फार वाढल्यास रेणुसाखळ्या तुटतात; पीठ बारीक येते, पण दाटपणा घटतो.

उपयोग : आइस्क्रीम, सॉस, औषधे, कागद व कापडछपाई यांत ते वापरतात. खाद्यपदार्थांवर त्याचा क्रमांक ई 412 असा असतो. खडक फोडून तेल व वायू काढण्याच्या पद्धतीत वाळू वाहून नेणारे पाणी काही मिनिटांत दाट व्हावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या ग्वार गमच्या मागणीमुळे 2012 मध्ये गवारीचे भाव विक्रमी चढले.

वापरताना : पीठ जितके बारीक, तितक्या गुठळ्या लवकर होतात. चमचाभर पीठ एकदम पाण्यात टाकले, तर पिठल्यातल्या बेसनासारखी गुठळी बनते. बाहेरून बुळबुळीत, फोडली तर आत कोरडी. भिजलेला थरच पाण्याची वाट अडवतो. म्हणून तेलविहिरींवर पीठ आधी खनिज तेलात कालवतात, स्वयंपाकात ते कोरड्या साखरेत मिसळावे. काहीच हाताशी नसेल, तर पाणी जोराने ढवळत पीठ थोडे थोडे भुरभुरावे. पिठावर पाणी कधीही ओतू नये.